घाटात हीट मारणारी जुनी सेडान: हेड खोलण्याआधी पाणी तपासा

तक्रार आधी नीट मांडतो, कारण माझे निम्मे पैसे ती नीट न मांडल्यामुळे गेले.

गाडी २०१३ ची डिझेल सेडान. २०२१ च्या जूनमध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका बागायतदाराकडून ३,१५,००० रुपयांना घेतली, तेव्हा मीटरवर ७८,००० किलोमीटर होते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष कंपनीचा नव्हताच, आणि नाव लिहिलं की चर्चा भलतीकडेच जाते. मी राहतो अंबाजोगाईत, सासुरवाडी छत्रपती संभाजीनगरला. म्हणजे केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागडचा गोदावरीवरचा पूल आणि पुढे सरळ. वर्षातून आठ-दहा फेऱ्या.

जाताना काही नाही. येताना बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलं की तापमानाचा काटा मध्यावरून हलायचा. वर पोचेपर्यंत लाल रेघेला टेकायचा. कपिलधारच्या फाट्याच्या आसपास गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडून उभं राहायचं, मागे पोरं कलिंगड खात बसलेली. अर्ध्या तासाने काटा खाली. तिथून अंबाजोगाईपर्यंत गाडी अशी चालायची की काही झालंच नव्हतं. गावात बाजार, शाळा, योगेश्वरीचं देऊळ, दवाखाना, कुठेही कधी गरम नाही.

पहिल्या मिस्त्रीला मी यातलं एकही वाक्य सांगितलं नाही. म्हणालो, ‘गाडी हीट मारते.’ त्याने जे केलं ते त्या एका वाक्यावरून केलं. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

काय काय बदललं आणि काय झालं

एप्रिल २०२२. पहिल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप (वॉल), काढून टाकला. बदलला नाही, काढून टाकला. ‘गुरुजी, ह्या वॉलचा आपल्याकडं काय उपयोग न्हाई. थंड देशात लागतोय त्यो.’ ४०० रुपये. मला पटलं. बेचाळीस अंशांच्या उन्हात इंजिन गरम ठेवणारा पार्ट हवाच कशाला? पुढच्या घाटाला काटा पुन्हा वर. शिवाय लिटरला १९ देणारी गाडी सोळावर आली, ते मी डिझेलच्या भेसळीवर ढकललं.

मे महिन्यात दुसऱ्याने रेडिएटरचा फॅन बदलला, मोटरसकट ४,२०० रुपये. जुना फॅन फिरत होता. ‘जोर नाही त्याला’ असं निदान झालं. नव्या फॅनलाही घाटात तोच निकाल.

दिवाळीत वॉटर पंप. आमच्याकडे त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. मजुरीसकट ३,६००. हिवाळा होता, दोन फेऱ्या बिनबोभाट झाल्या, मी गावभर सांगत सुटलो की रोग सापडला. मार्चमध्ये ऊन तापलं आणि गाडी घाटात उकळली ती थेट रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीचं झाकण उडवून. टोचन करून आणायला ३,५०० लागले.

मग मेव्हण्याने ठाम सांगितलं, ‘दाजी, हेडचं पॅकिंग गेलंय. खोलल्याशिवाय गत्यंतर नाही.’ (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, पॅकिंग म्हणजे त्याच्याखालची गॅसकेट.) गॅरेजवाल्याने हेड उतरवणं, लेथवर फेसिंग, गॅसकेट, बोल्ट, ऑइल, मजुरी सगळं धरून २२,००० सांगितले. तोवर ११,७०० गेले होते. घरात गाडी विकायची भाषा सुरू झाली.

इथे थांबलो आणि पहिल्यांदा वही काढली. एक ओळ लिहिली: गाडी गरम होते, पण कधी?

कधी गरम होते, यातच अर्धं उत्तर असतं

इंजिन जितकं ओढतं तितकी उष्णता तयार होते. गावात चाळीसच्या वेगाने फिरताना ते जेमतेम काम करतं. सपाट हायवेवर ऐंशीला काम वाढतं, पण समोरून वारा भरपूर येतो. घाटात तिसरा गिअर, चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू. काम सगळ्यात जास्त, वेग कमी, वारा कमी. त्यात एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसलेला असतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली. रेडिएटरची ताकद निम्म्यावर आली असली तरी गावात ते कळत नाही. घाटात मात्र झाकली मूठ उघडते.

उभ्या गाडीत, सिग्नलला, रेल्वे फाटकाला काटा चढतो आणि चालायला लागलं की उतरतो, असं असेल तर संशय फॅनवर. कारण उभ्या गाडीत वारा फक्त फॅनचाच. तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज बघा, मग रिले (फ्यूजच्या डब्यातला छोटा विजेचा स्विच). त्याच डब्यात हॉर्नचा किंवा दुसरा कुठला तसाच, त्याच नंबरचा रिले असतो, तो काढून लावून बघा. फॅन फिरला तर दोन-तीनशे रुपयांत काम संपलं. दोन वेगांचा फॅन असेल तर कमी वेगाचा रेझिस्टर जळलेला असू शकतो. तेव्हा फॅन एकतर फिरतच नाही, नाहीतर एकदम पूर्ण जोरात सुटतो.

माझी गाडी उभी असताना कधीच गरम झाली नव्हती. म्हणजे ४,२०० चा फॅन बदलायची गरज नव्हती, हे वहीत लिहिताना हात जड झाला.

चालताना, ओझ्यावर, चढावर गरम होते आणि सपाटीवर शांत होते, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही. यात थर्मोस्टॅट, पंप, आतून किंवा बाहेरून तुंबलेला रेडिएटर, कमी पडलेलं कूलंट (रेडिएटरमधलं रंगीत पाणी), दाब न धरणारं झाकण एवढे सगळे येतात. आणि गाडी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा उडाला, कुठेही असो, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा कूलंटच नाहीये. हात सांभाळून बघितलं तर इंजिनकडून रेडिएटरच्या वरच्या बाजूला येणारा होज पाइप चटका देईल आणि खालचा गार लागेल.

काट्यावर मात्र पूर्ण विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो की पाणी ८० अंशाला असो की १०० ला, काटा मध्यावरच राहतो. नाहीतर गिऱ्हाईक रोज काटा बघून शोरूमला फोन करेल. मी स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला, हजाराच्या आत मिळाला, आणि मोबाइलवर खरे अंश दिसायला लागले. काटा मध्यावरून जेमतेम हलला तेव्हा आकडा ११२ होता. काही सेडानमध्ये तर काटाच नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा. अशी गाडी जुनी घेतली असेल तर हा स्कॅनर पहिल्या महिन्यातच घ्या.

हेड खरंच गेलंय का, हे हेड न खोलता बघता येतं

२२,००० चा निर्णय मेव्हण्याच्या आवाजाच्या पट्टीवरून घेऊ नये. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, कूलंट तोंडापर्यंत भरा, गाडी सुरू करा आणि बघत राहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ते अडकलेल्या हवेचे. पण बुडबुडे थांबतच नसतील, आणि ॲक्सिलेटर दिल्यावर वाढत असतील, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. गार गाडी सुरू करून मिनिटभरात वरचा होज पाइप दगडासारखा घट्ट झाला तरी तेच. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा थर दिसतो का बघा, पण थंडीच्या दिवसांत दोन-दोन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील तर थोडी साय साध्या वाफेचीही धरते, लगेच घाबरू नका. मागून पांढरा धूर आणि गळती कुठेच नसताना रोज घटणारं पाणी, ही जोडी मात्र वाईट.

शिवाय एक रासायनिक चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरतात. आत जळालेला वायू असेल तर निळा रंग बदलून हिरवा-पिवळा पडतो. सगळ्या गॅरेजकडे ती नसते. आमच्याकडे एका जुन्या रेडिएटरवाल्याकडे होती. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी नळी लावली, दहा मिनिटं इंजिन चालवलं. रंग निळाच.

मग त्यांनी मला जे विचारलं ते आधीच्या तिघांनीही विचारलं नव्हतं. ‘पाणी कुठलं टाकता सर?’

मी म्हणालो, ‘घरचं. बोअरचं.’

चाचांनी एसी मिस्त्रीकडून तापमान मोजायची लेझरची बंदूक मागवली आणि गरम रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी धरली. वरच्या डाव्या बाजूला ९० च्या वर, मधल्या पट्ट्यात ६० च्या आसपास, खालचा उजवा कोपरा त्याहून गार. म्हणजे पाणी तिकडे पोचतच नव्हतं. (हा प्रयोग मी आधी घरी करून पाहिला होता. शाळेत कोरोनाच्या काळातली कपाळावर धरायची बंदूक पडून होती. ती त्रेचाळीसच्या वर जातच नाही, नुसतं ‘हाय’ दाखवते. रेडिएटरला ताप आहे एवढंच कळलं.)

रेडिएटर उतरवून प्लास्टिकची टाकी उचकटली तेव्हा आतल्या चपट्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरा कडक थर आणि त्यावर पिवळट चिखल. चाचांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. ‘सर, इसमें पानी नै, चुना भरेला है.’

चुना आला कुठून

आपल्या भागात जमिनीखाली काळा पाषाण, त्याच्या भेगांतून झिरपलेलं पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की विरघळलेला बायकार्बोनेट फुटतो आणि चुनखडी होऊन भांड्याला चिकटतो. गिझरची कॉइल वर्षा-दोन वर्षांत पांढरी होते, आंघोळीच्या बादलीला पांढरी कड धरते, कुकरमध्ये खाली ठेवलेली जाळी खरखरीत होते. जे गिझरमध्ये होतं तेच रेडिएटरमध्ये होतं, फक्त तिथली नळी दोन-अडीच मिलिमीटरची असते.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. उन्हाळ्यात बोअर खोल गेलं की चव बदलते, ते आपल्या जिभेला कळतं. गाडीला जीभ नाही. आणि आपल्याकडे पाण्याचा प्रश्न असा, की २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या वर्षी कुणी रेडिएटरसाठी डिस्टिल्ड वॉटर शोधत बसला असेल असं मला वाटत नाही. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाचं शेत त्याच भागात. गाडी गोठ्याशेजारी, बोअरच्या पाइपने धुतली जायची आणि त्याच पाइपने रेडिएटर भरला जायचा.

पिवळा चिखल कसला, ते चाचांनी वास घेऊन सांगितलं. हळद. रेडिएटर बारीक गळायला लागला की मूठभर हळद टाकायची, ती भेगेत जाऊन बसते आणि गळती थांबते. हा उपाय ट्रकवाल्यांपासून सगळ्यांना माहीत आहे आणि आडरानात, रात्री, पुढच्या गावापर्यंत पोचायला तो चालतोही. पण पोचल्यावर ती हळद काढायची असते, हे कुणी करत नाही. भेग बुजवणारी हळद नळ्याही बुजवते. मला गाडी विकताना हळदीचा विषय निघाला नव्हता, आणि मीही विचारला नव्हता. जुनी गाडी घेताना टायर, पत्रा, कागद, चासी नंबर सगळं बघितलं. झाकण उघडून आत बोट घालायचं सुचलं नाही.

आता जुन्या तिन्ही दुरुस्त्या पुन्हा बघा. थर्मोस्टॅट काढल्याने गाडी गार होईल असं वाटतं, पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा त्याची दुसरी चकती बायपासची वाट बंद करते. तो काढून टाकला की ती वाट कायम उघडी, आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरत राहतो. म्हणजे सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा गार, म्हणून ॲव्हरेज पडलं. आणि घाटात रेडिएटर आधीच तुंबलेला, त्यात पाणी त्याच्याकडे कमी. दोन्हीकडून मार. वॉटर पंप बदलल्यावर हिवाळ्यात बरं वाटलं ते पंपामुळे नाही, डिसेंबरच्या हवेमुळे.

थर्मोस्टॅट चांगला आहे का हे घरी कळतं. चहाच्या पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट मध्ये लोंबकळत ठेवा, स्वयंपाकातला थर्मामीटर घाला. त्याच्यावर उघडायचे अंश कोरलेले असतात, बहुतेक ८२ ते ८८ च्या दरम्यान. त्या सुमारास तो उघडायला लागला पाहिजे. पातेलं मात्र नंतर गॅरेजलाच द्या. आमच्या घरी ते परत स्वयंपाकघरात घेतलं गेलं नाही, आणि त्यात बायकोची काही चूक नाही.

शेवटी काय केलं, आणि खर्च

पहिला विचार रेडिएटर साफ करायचा. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला टाकी खोलून नळ्यांत सळई घालायचे, त्याला रॉडिंग म्हणतात. आताचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, टाकी प्लास्टिकची, नळ्या कागदासारख्या पातळ. सळई घातली की फाटतात. कुणी संडास साफ करायचं ॲसिड घालायला सांगितलं तर हात जोडा. चुना जातो, पण पाठोपाठ ॲल्युमिनियमही जातं. सौम्य फ्लश मिळतो, तो थोड्या थरासाठी ठीक. माझ्याकडे थर नव्हता, भिंत होती.

नवा रेडिएटर ५,८००. थर्मोस्टॅट परत बसवला, हाउसिंगसकट १,४५०. झाकण २८०. वरचा-खालचा होज पाइप १,१००, कारण जुने दाबल्यावर आतून करकर वाजत होते. कूलंट चार लिटर १,४००. इंजिनाच्या आतली वाट तीन वेळा धुणं आणि मजुरी २,०००. एकूण १२,०३०. म्हणजे चुकीच्या दुरुस्त्यांना जेवढे गेले, साधारण तेवढ्यातच बरोबर दुरुस्ती झाली. दर अर्थात गाडीगणिक आणि गावागणिक बदलतील.

झाकणाबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तोच पार्ट आहे. झाकण म्हणजे नुसतं बूच नाही, त्यात स्प्रिंगचा वॉल असतो. तो आत दाब धरून ठेवतो आणि दाबाखाली पाणी शंभरला उकळत नाही. निम्मं कूलंट निम्मं पाणी आणि चांगलं झाकण असेल तर उकळायला १२० च्या पुढे जावं लागतं. स्प्रिंग ढिली झाली की तेच मिश्रण १०६-१०८ लाच उसळायला लागतं. झाकणाला उलट्या दिशेचाही एक छोटा वॉल असतो, इंजिन गार होताना बाटलीतलं कूलंट परत आत ओढणारा. सकाळी वरचा होज पाइप चिपकलेला, आत ओढल्यासारखा दिसला तर तो छोटा वॉल अडकलाय. ज्या आकड्याचं झाकण असेल, ०.९ किंवा १.१ (बार, म्हणजे दाबाचं माप), त्याच आकड्याचं घ्या. ‘जास्तीचं लावतो, दाब धरेल’ म्हणणाऱ्याला नको म्हणा, मग होज किंवा टाकी फुटते.

कूलंट कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालायचं ते डिस्टिल्ड किंवा बॅटरीचं पाणी. जारचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण ते कुठल्या मशीनचं हे जारवाल्यालाही माहीत नसतं. याचीच कटकट वाटत असेल तर आधीच मिसळलेलं, थेट ओतायचं कूलंट घ्या. रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, नारिंगी हा रंग कंपनी घालते तसा असतो. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो बघा, आणि दोन वेगळ्या प्रकारांची मिसळ करू नका, त्याची जेलीसारखी गाठ होऊ शकते.

भरल्यानंतर हवा काढणं राहून जातं. गाडीचं नाक चढावर, झाकण उघडं, केबिनमधला हीटर पूर्ण गरमवर, आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू. मध्ये मध्ये पातळी खाली जाईल, भरत राहा. हवा अडकली तर काटा वेड्यासारखा वर-खाली करतो आणि मिस्त्री पुन्हा ‘पॅकिंग’ म्हणायला मोकळा.

कापसाचा मोसम

रेडिएटर आतून तुंबतो तसा बाहेरूनही तुंबतो. गेवराई, माजलगाव, परभणी पट्ट्यात दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या रस्त्यावर येतात. त्यांच्या मागे चालताना जे पांढरं उडतं ते सगळं तुमच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. लातूरकडे सोयाबीनच्या मळणीचा भुसा. समोरून जाळी स्वच्छ दिसते, आणि मधे गोधडी. वर्षातून एकदा, होळीच्या आधी, इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने साध्या पाइपने पाणी मारून घ्या. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने जाळीची पानं वाकतात, तो लांब ठेवायला सांगा.

घाटात काटा चढलाच तर

आधी एसी बंद. मग केबिनचा हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात, खिडक्या खाली. मे महिन्यात हे करायला जिवावर येतं, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच आहे. एवढ्यानेही लाल दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून गाडी उभी करा आणि इंजिन बंद. ‘वर पोचलं की थांबू’ हा विचार सगळ्यात महाग पडतो, हेड वाकतं ते त्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये. गरम असताना झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी शंभराच्या वर असतं आणि झाकण सुटलं की त्याची एकदम वाफ होते, चेहऱ्यावर. पाऊण तास थांबा. गार पाणी इंजिनावर ओतू नका. डिकीत दोन लिटर डिस्टिल्ड पाणी आणि एक जुनं टॉवेल ठेवा.

गाडी ठेवावी का

आमच्या घरातल्या भांडणाचा हिशोब असा लागला. साडेचार वर्षांत कूलिंग सोडून बाकी जे लागलं ते प्रत्येक गाडीला लागतं: लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड (आमच्या रस्त्यांना धन्यवाद), एकदा क्लच, टायर, बॅटरी. क्लच मोठा खर्च होता, पण तो अचानक आला नाही, महिनाभर आधी चढावर घसरून सांगत होता. एक टायमिंगचा, म्हणजे इंजिनातल्या वॉल आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याचा किंवा साखळीचा, विषय आधी समजून घ्या. तुमच्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट असेल तर आधीच्या मालकाने तो कधी बदलला. बिल नसेल तर बदलला नाही असं समजून चाला. बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत वॉल आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि मग हेडचे २२,००० स्वस्त वाटायला लागतात.

कागदांचाही खर्च धरा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, माझी २०२८ ला संपेल. नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला ५,००० झाली (वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून त्याहून जास्त), शिवाय राज्याचा ग्रीन टॅक्स. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी, उच्च सुरक्षेची (HSRP) नंबर प्लेट बसवली आहे का ते घेतानाच बघा.

माझं मत ठेवण्याच्या बाजूने पडलं. विकली असती तर दीड-पावणेदोन लाख आले असते, आणि त्या पैशात दुसऱ्या कुणाच्या तरी हळदीची गाडी मिळाली असती. निदान हिच्या पोटात काय आहे ते मला माहीत झालंय.

तुम्ही जुनी सेडान बघायला जाणार असाल तर सकाळी जा आणि मालकाला आधी फोन करून सांगा की गाडी सुरू करू नका. गार इंजिनाचं झाकण स्वतः उघडा. आत रंगीत, पारदर्शक कूलंट दिसलं तर चांगलं. गंजाचं तांबूस पाणी, पांढरी कड, तेलाचा तवंग किंवा पिवळा गाळ दिसला तर किमतीतून पंधरा हजार कमी करून बोला. नुसतं साधं पाणी दिसलं आणि मालक म्हणाला, ‘आमच्याकडं पयल्यापास्नं पाणीच टाकतेत, काय बी होत न्हाई’, तरी तेवढेच कमी करा. थर्मोस्टॅट आहे का, हेही विचारा. निम्म्या गाड्यांत नसेल.

दुरुस्तीनंतर तीन उन्हाळे गेले. गेल्या मे महिन्यात मांजरसुंब्याचा घाट चार माणसं आणि आंब्याच्या दोन पेट्या घेऊन, एसी चालू ठेवून चढलो. मोबाइलवर सगळ्यात जास्त आकडा दिसला ९९, वर पोचल्यावर दोन मिनिटांत ९१. बाटलीवरची पातळी महिन्याला बघतो. गेल्या दोन महिन्यांत ती बोटभर उतरली आहे, खाली जमिनीवर थेंब नाही. आतल्या काचेवर सकाळी किंचित धुकं धरतं आणि डाव्या पायाखालचं मॅटिंग दमट लागतं, थोडा गोडसर वास. म्हणजे बहुतेक हीटरची छोटी कॉइल. रविवारी चाचांकडे जायचंय. या वेळी मात्र ‘गाडी पाणी खाते’ एवढंच न सांगता वरच्या या सगळ्या ओळी वहीत लिहून नेणार आहे.